चौथ्या वर्षी प्रयोगशाळा कोण उघडणार?

आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, समुद्राकडच्या खिडकीपासून शक्य तितक्या दूर ठेवलेल्या लोखंडी कपाटात, एक निळी पेटी आहे. खाडीच्या पाण्याचा सामू, क्षारता, तापमान आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू एकाच वेळी मोजणारे उपकरण तिच्यात आहे. एका आंतरराष्ट्रीय भागीदारी प्रकल्पातून ते आमच्याकडे आले. ज्या दिवशी आले त्या दिवशी नारळ फोडून त्याची पूजा झाली, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद झाली, आणि पुढची दोन वर्षे त्याच्या साहाय्याने आम्ही खाडीच्या मुखापासून वरच्या गावापर्यंत सात ठिकाणच्या पाण्याची मोजमापे घेतली. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रकल्प संपला. सामू मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचे टोक सतत ठरावीक द्रावणात ओले ठेवावे लागते आणि ते कोरडे पडले की मापन बिघडत जाते, ही गोष्ट ज्या सहकाऱ्याला नीट ठाऊक होती तो पावसाळ्याच्या आधीच पुण्याला नोकरीस गेला होता. त्या वर्षी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पेटी कोणीही उघडली नाही, आणि ऑक्टोबरमध्ये मी ती उघडली तेव्हा टोकावर मिठाचे पांढरे कण जमले होते.

गेल्या काही महिन्यांत गुहागर, देवगड आणि श्रीवर्धन या बाजूंच्या महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी परदेशी भागीदारीच्या अशा अनुदानांविषयी मला वारंवार विचारले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आंतरराष्ट्रीयीकरणावर भर आहे, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तयारीत परदेशी संस्थांशी झालेल्या करारांची विचारणा होते, आणि त्यामुळे आजवर मुंबई-पुण्यापुरता राहिलेला हा विषय आता किनाऱ्यावरच्या लहान महाविद्यालयांपर्यंत पोचला आहे. प्रत्येकाशी फोनवर तेच ते बोलण्यापेक्षा मला जे ठाऊक आहे आणि जे आम्ही अनुभवले ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून हे लेखन.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. परदेशी निधी म्हटले की आपल्याकडे विद्यार्थ्याला मिळणारी शिष्यवृत्ती डोळ्यांपुढे येते. मी ज्या अनुदानांविषयी लिहीत आहे ती व्यक्तीला मिळत नाहीत, संस्थेला मिळतात, आणि तीही एकट्या संस्थेला मिळत नाहीत. निधी देणाऱ्या देशांतील काही विद्यापीठे आणि भागीदार देशांतील काही विद्यापीठे मिळून एक समूह तयार करतात, आणि भागीदार देशांतील विद्यापीठांचे अध्यापन, अभ्यासक्रम, प्रशासन, प्रयोगशाळा व समाजाशी असलेले नाते मजबूत करणे हा त्या समूहाचा उद्देश असतो. केवळ संशोधनासाठी हा पैसा वापरता येईल अशी अपेक्षा ठेवून जे प्रस्ताव लिहितात त्यांची पहिल्याच निकषावर निराशा होते.

या प्रकारातील सर्वांत मोठी आणि आपल्याला थेट खुली असलेली योजना म्हणजे युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस कार्यक्रमातील उच्च शिक्षणाच्या क्षमताबांधणीची योजना. तिचे मूळ १९९० साली सुरू झालेल्या टेम्पस या कार्यक्रमात आहे. बर्लिनची भिंत पडल्यानंतर मध्य आणि पूर्व युरोपातील विद्यापीठांना पश्चिमेकडच्या विद्यापीठांशी जोडून घेण्यासाठी तो आखला गेला, पुढे बाल्कन प्रदेश, मध्य आशिया आणि भूमध्य सागराच्या दक्षिणेकडील देशांपर्यंत विस्तारला, आणि २०१४ मध्ये इरॅस्मस प्लसमध्ये विलीन झाला. त्यानंतर भारतातील संस्थाही या क्षमताबांधणी प्रकल्पांत भागीदार होऊ लागल्या. २०२१ ते २०२७ या चालू टप्प्यात योजनेचे तीन स्तर आहेत. पहिला स्तर या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या व लहान संस्थांसाठी असून त्यात २ ते ४ लाख युरो मिळू शकतात, दुसऱ्या स्तरात ४ ते ८ लाख युरो, आणि शासनाच्या सहभागाने धोरणात्मक बदल घडवू पाहणाऱ्या तिसऱ्या स्तरात ६ ते १० लाख युरो. पहिल्या दोन स्तरांची मुदत दोन किंवा तीन वर्षांची, तिसऱ्याची तीन किंवा चार वर्षांची. एका युरोला शंभर रुपये धरले तर पहिल्या स्तराची कमाल रक्कम चार कोटींच्या घरात जाते, परंतु ती सर्व भागीदारांत वाटली जाते हे विसरून चालत नाही. शिवाय युरोपीय संघ खर्चाच्या जास्तीत जास्त ९० टक्के भार उचलतो आणि उरलेले समूहाने स्वतः उभे करायचे असते.

या नियमांतील एक गोष्ट मला मनापासून आवडते. समूहातील युरोपीय संस्थांची संख्या भागीदार देशांतील संस्थांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि भागीदार देशातील संस्था स्वतः समन्वयक होऊ शकते. म्हणजे कागदावर तरी आपण मागच्या बाकावर बसण्याचे कारण नाही. पूर्वी या योजनेच्या कागदपत्रांत आपल्याला ‘भागीदार देश’ म्हणत असत. आता ‘कार्यक्रमाशी संलग्न नसलेले तिसरे देश’ असे लांबलचक नाव आहे. मी जुनाच शब्द वापरते, कारण जे नाते अपेक्षित आहे ते त्या शब्दात नेमके आले आहे.

प्रस्तावाची छाननी १०० गुणांवर होते. प्रस्तुततेला ३०, आखणी व अंमलबजावणीच्या गुणवत्तेला ३०, भागीदारी व सहकार्याच्या व्यवस्थेला २०, आणि परिणाम, प्रसार व टिकाव यांना २०. एकूण ६० गुणांच्या खाली असलेल्या प्रस्तावाचा विचार होत नाही. माझ्या मते या चारांपैकी पहिला निकष आपल्या हातात सर्वाधिक असतो आणि तोच आपण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हाती सोपवतो. आपल्या महाविद्यालयाला नेमके काय कमी पडते, हे सांगणारा भाग कोणी लिहायचा? आमच्या पहिल्या प्रकल्पात तो आम्ही लिहिला नव्हता. अंतिम मुदतीच्या चार आठवडे आधी आम्हाला एक ईमेल आला, त्यात संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि संमतिपत्रावर प्राचार्यांची सही मागितली होती. सोबत प्रस्तावाचा जवळजवळ पूर्ण झालेला मसुदा होता. आमच्या गरजा त्यात सुबक इंग्रजीत लिहिलेल्या होत्या, आणि त्या कोणत्याही किनाऱ्यावरच्या कोणत्याही महाविद्यालयाला लागू पडल्या असत्या. निमंत्रण आले याचाच आम्हाला इतका आनंद झाला होता की मसुद्यात एका ओळीचाही बदल न सुचवता आम्ही सही करून पाठवली. ही चूक आमची होती आणि तिचा परिणाम पुढची तीन वर्षे जाणवत राहिला.

त्या परिणामाचे एकच उदाहरण देते. नमुने घेण्याचे वेळापत्रक प्रस्तावातच ठरले होते, आणि सर्व देशांतील भागीदारांना सोयीचे जावे म्हणून दर महिन्याचा पहिला सोमवार निश्चित झाला होता. आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा एक परिचर होते, ज्यांना सगळे महाविद्यालय भाऊ म्हणत असे. खाडीकाठच्या गावातले, होडी वल्हवण्यात आयुष्य गेलेले. पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी मी फळ्यावर मांडल्या तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, सोमवार धरून काय होणार? एकदा उधाण असेल, एकदा भांग. तिथी धरा.” अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खारे पाणी खाडीत किती आत चढते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत किती मागे राहते, हे किनाऱ्यावर कोणाला सांगावे लागत नाही, पण महिन्याच्या पहिल्या सोमवारी समुद्र प्रत्येक वेळी वेगळ्या अवस्थेत असतो आणि त्या दिवशीच्या क्षारतेची तुलना मागच्या महिन्याशी करणे निरर्थक ठरते. पदव्युत्तर अभ्यासात मी भरती-ओहोटी शिकले होते, तरीही ही गोष्ट मसुदा वाचताना माझ्या ध्यानात आली नाही, कारण मी तो आपला म्हणून वाचलाच नव्हता. आम्ही समन्वयकांना कळवले. त्यांनी तत्काळ, आणि मनापासून आभार मानून, वेळापत्रक बदलण्यास मान्यता दिली. अडचण परदेशी सहकाऱ्यांच्या वृत्तीत नव्हती. ज्याला ठाऊक होते तो प्रस्ताव लिहिताना त्या खोलीत नव्हता, आणि त्याला बोलावण्याचे काम आमचे होते.

भाऊंचा आणखी एक संदर्भ येथे सांगितला पाहिजे. उपकरणाच्या वापराचे प्रशिक्षण युरोपातील विद्यापीठात दोन आठवडे होते आणि त्यासाठी आमच्याकडून दोघांना जायचे होते. एक जागा सेवाज्येष्ठतेने एका कायम प्राध्यापकांना मिळाली, ज्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. दुसऱ्या जागेसाठी मी आग्रह धरून तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याचे नाव पुढे केले. तो नेट उत्तीर्ण होता, हुशार होता, उपकरण त्याने पूर्ण आत्मसात केले आणि परत आल्यावर विद्यार्थ्यांना उत्तम शिकवले. परंतु तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, सुट्टीच्या महिन्यांत मानधन नसते, आणि घरची जबाबदारी अंगावर असलेल्या माणसाने अशा नेमणुकीवर किती वर्षे काढावीत याला मर्यादा आहे. तो गेला याचा दोष त्याला देणे मला कधीच जमले नाही. भाऊंना मात्र प्रशिक्षणाला पाठवण्याचा विचारही कोणी केला नाही. प्रशिक्षण इंग्रजीत होते, आणि ते ‘शैक्षणिक कर्मचारी’ या व्याख्येत बसत नव्हते. पुढे ते निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. अशा रीतीने तीन वर्षांत आमच्या संस्थेत जी क्षमता बांधली गेली ती तीन माणसांत होती आणि तिघेही आता संस्थेत नव्हते.

माझे सांगणे या एका मुद्द्याभोवती आहे. अनुदान संस्थेला बळकट करते असे आपण म्हणतो, परंतु ज्ञान साठते ते माणसांत; आणि ज्या संस्थेत माणसेच दर जूनमध्ये नव्याने नेमली जातात तेथे कितीही चांगला प्रकल्प आला तरी त्याचे फळ दुसरीकडे जाते. म्हणून प्रस्तावाची आखणी चौथ्या वर्षापासून मागे यावी असे मला वाटते. प्रकल्प संपल्यावर येणाऱ्या जूनमध्ये प्रयोगशाळेची किल्ली कोणाच्या हातात असेल, त्याचा पगार कोणत्या शीर्षातून निघेल, इलेक्ट्रोड आणि द्रावण कोणत्या पैशांतून येतील, हे आधी लिहावे, आणि मग त्या माणसाला तीन वर्षांत काय काय शिकवायचे ते ठरवावे.

उपकरणांविषयी येथेच थोडे सांगते. इरॅस्मस प्लसच्या २०१४ ते २०२० या टप्प्यात उपकरणांवर अनुदानाच्या ३० टक्क्यांपेक्षा आणि कर्मचारी-खर्चावर ४० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम खर्च करता येत नसे. चालू टप्प्यात एकरकमी पद्धत आहे, म्हणजे काम वर्क पॅकेजमध्ये विभागलेले असते आणि प्रत्येक वर्क पॅकेजची रक्कम आधी ठरलेली असते. पॅकेज पूर्ण झाले तर ती मिळते, अपूर्ण राहिले तर कापली जाते. पावत्यांचा ढीग त्यामुळे कमी झाला हे खरे, परंतु आखणी करतानाच विचार पक्का असावा लागतो. उपकरणे भागीदार देशांतील संस्थांसाठीच घेता येतात, आणि म्हणूनच आपल्याकडे मोह होतो. कोकणात या मोहाला निसर्गच किंमत लावतो. खारे वारे, पावसाळ्यातील दमटपणा, वादळाने चार-चार दिवस जाणारी वीज, हे सर्व उपकरणाच्या माहितीपत्रकात नसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडापासून श्रीवर्धनपर्यंत किती शाळा-महाविद्यालयांची छपरे उडाली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. प्रस्तावात उपकरणाच्या किमतीसमोर आर्द्रताशोषक रसायन, बंद कपाट, इन्व्हर्टर आणि देखभालीचा करार यांची ओळ नसेल तर ते उपकरण मागूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही भागीदारी आपल्या देशाला नवी नाही, आणि कोकणाला तर मुळीच नाही. १९५० नंतरच्या दोन दशकांत अमेरिकेतील लँड-ग्रँट (सरकारने दिलेल्या जमिनीच्या आधारावर उभ्या राहिलेल्या) विद्यापीठांनी भारतातील कृषी विद्यापीठांच्या उभारणीत भाग घेतला. १८६२ च्या मॉरिल कायद्यातून जन्मलेल्या त्या विद्यापीठांची धारणा अशी की शिक्षण, संशोधन आणि शेतकऱ्यांपर्यंत जाणारे विस्तारकार्य एकाच छताखाली असावे. १९६० साली पंतनगर येथे इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले, लुधियानाला ओहायो स्टेटचे सहकार्य होते, बंगळुरूला टेनेसीचे, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आले, ज्याचे काम राहुरीशी जोडलेले होते. दापोलीचे कृषी महाविद्यालय १९६५ चे. १९७२ मध्ये कोकणासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ दापोलीत स्थापन झाले, ज्याला आज डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव आहे. वेंगुर्ल्याच्या काजूच्या जाती किंवा नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेला रत्ना आंबा हे त्या अमेरिकी सहकार्याचे फळ आहे असे मी म्हणत नाही, ते येथील शास्त्रज्ञांच्या दीर्घ परिश्रमाचे फळ आहे. परंतु संशोधन केंद्रे तालुक्यांत, महाविद्यालय मध्यभागी आणि कलमांची रोपे थेट बागायतदाराच्या हाती, ही जी रचना आपण गृहीत धरतो तिचा साचा त्या भागीदारीच्या काळात देशभर रुजला.

त्या काळातील दोन गोष्टी आजच्या तीन वर्षांच्या प्रकल्पांशी ताडून पाहाव्यात. एक म्हणजे मुदत. ते सहकार्य एकेका विद्यापीठाशी वर्षानुवर्षे चालले. कानपूरच्या आयआयटीला मदत करणारा नऊ अमेरिकी संस्थांचा समूह १९६२ ते १९७२ अशी पूर्ण दहा वर्षे कार्यरत होता. दुसरी, जिचे महत्त्व मला अधिक वाटते, ती म्हणजे जे भारतीय शिक्षक शिकायला परदेशी गेले त्यांच्यासाठी परतल्यावर कायम पदे होती, कारण ती विद्यापीठे आपल्या शासनाने कायदे करून, जमीन आणि वार्षिक तरतूद देऊन उभी केली होती. पाहुण्यांनी पद्धत दिली, पगार घरचा होता. आजच्या चर्चेत पहिली बाजू लक्षात राहते आणि दुसरी सुटते.

युरोपातील काही देशांनी हा धडा आपापल्या परीने गिरवला आहे. बेल्जियममधील फ्लेमिश विद्यापीठांची व्हीएलआयआर-यूओएस ही संस्था विकसनशील देशांतील एकेका विद्यापीठाशी दहा-बारा वर्षांची संस्थात्मक भागीदारी करते. स्वीडनच्या सीडा या विकास-सहकार्य संस्थेने युगांडातील मकेरेरे आणि मोझांबिकमधील एदुआर्दो मोंडलाने या विद्यापीठांशी दीर्घकाळ काम केले, आणि त्यात पीएचडीची ‘सँडविच’ पद्धत वापरली. संशोधक काही महिने स्वीडनमध्ये, उरलेला काळ आपल्याच विद्यापीठात, आपल्याच देशाच्या प्रश्नावर, आणि आपल्या नोकरीत राहून काम करतो. माणूस मुळासकट उचलला जात नाही, ही त्या पद्धतीची खरी ताकद आहे. नॉर्वेची नॉरहेड योजना २०१३ पासून याच दिशेने जात आहे. यांपैकी बहुतेक योजनांत भारत प्राधान्याने येत नाही, तरीही प्रस्ताव लिहिणाऱ्याने त्यांची रचना अभ्यासावी असे मी आवर्जून सांगेन, कारण इरॅस्मस प्लसच्या प्रस्तावातही प्रशिक्षणाची आखणी त्या पद्धतीने करण्यास कोणी अडवत नाही. दोन आठवड्यांची एक सहल करण्याऐवजी एकाच व्यक्तीच्या तीन वर्षांत तीन छोट्या भेटी, आणि प्रत्येक भेटीच्या मधल्या काळात येथे पूर्ण करायचे काम, असे नियोजन करता येते.

आता आपल्याकडच्या दोन अडचणी, ज्या परदेशी समन्वयकांना आपण पहिल्याच बैठकीत समजावून सांगितल्या पाहिजेत. आम्ही त्या उशिरा सांगितल्या.

पहिली अभ्यासक्रमाची. या प्रकल्पांचे अपेक्षित फलित बहुधा नवा अभ्यासक्रम किंवा त्याची काही प्रकरणे असे असते. युरोपातील विभागाला आपला अभ्यासक्रम पुष्कळसा स्वतः बदलता येतो. आपले संलग्न महाविद्यालय मात्र विद्यापीठाने ठरवलेलाच अभ्यासक्रम शिकवते. नवा विषय आणायचा तर तो अभ्यासमंडळाकडे जातो, तेथून विद्याशाखेकडे, तेथून विद्यापरिषदेकडे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये ही साखळी स्पष्ट आहे, आणि ती योग्यच आहे, कारण पदवी विद्यापीठाची असते. परंतु तीन वर्षांच्या प्रकल्पातील एक संपूर्ण वर्ष या प्रवासासाठी राखून ठेवावे लागते. त्यावर दोन उपाय आहेत. विद्यापीठालाच समूहात भागीदार म्हणून घ्यावे, म्हणजे अभ्यासमंडळातील मंडळी पहिल्या दिवसापासून चर्चेत असतात. अथवा प्रमाणपत्र अभ्यासक्रमापासून सुरुवात करावी, जो महाविद्यालयाच्या पातळीवर लवकर सुरू होतो, आणि दोन तुकड्यांचा अनुभव हाती आल्यावर तो विद्यापीठापुढे न्यावा. आम्ही तिसरा मार्ग निवडला होता, म्हणजे काहीच विचार न करता प्रकरणे लिहून ठेवली, आणि ती अजून माझ्या संगणकात आहेत. खाडीतील कालवे आणि शिंपल्यांच्या संवर्धनावरचे प्रकरण तर खरोखर चांगले उतरले होते.

दुसरी अडचण पैसा स्वीकारण्याची. खाजगी शिक्षणसंस्थेच्या महाविद्यालयाने परकीय निधी घेण्यापूर्वी २०१० चा विदेशी अंशदान विनियमन कायदा जाणकार सनदी लेखापालाकडून समजून घेतलाच पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे अंशदान प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावे लागते, ते दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही, आणि त्यातून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. समूहाच्या दृष्टीने यातील मधली तरतूद सर्वांत महत्त्वाची आहे. भारतातील एका संस्थेने सर्वांच्या वाट्याचे पैसे घेऊन पुढे वाटायचे, अशी सोयीची वाटणारी रचना कोणी सुचवली तर ती मान्य करण्याआधी कायदा पाहावा. ही चर्चा प्रस्ताव मंजूर झाल्यावर सुरू केली तर पहिले सहा महिने पत्रव्यवहारात जातात.

गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही चार महाविद्यालये एकत्र येऊन नव्या प्रस्तावाची तयारी करत आहोत. विषय तोच, खाड्यांचे पाणी आणि त्यावर जगणारी माणसे, परंतु सुरुवात वेगळी केली आहे. परदेशी भागीदारांना पहिले पत्र लिहिण्यापूर्वी आम्ही मराठीत गरजांची यादी केली. त्या बैठकीला प्राध्यापकांसोबत तासिका तत्त्वावरचे शिक्षक होते, प्रयोगशाळा सहाय्यक होते, बाजारात मासळी विकणाऱ्या दोन भगिनी होत्या, खारजमिनीत भात लावणारे एक शेतकरी होते, आणि अर्थातच भाऊ होते. शेतकऱ्यांनी सांगितलेली एक गोष्ट सर्वांनी लिहून घेतली. त्यांच्या गावच्या बंधाऱ्याची उघाडी, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याचे दार, सरकारी पैशातून नवी झाली, पण भरतीच्या वेळी तिची झडप नीट मिटते की नाही हे पाहायला कोणालाच नेमले नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी झडपेत ओंडका अडकला आणि खारे पाणी शेतात शिरले. त्यांना आमच्याकडून हवे होते ते एवढेच की कोणत्या दिवशी पाणी किती खारे आहे हे गावात कोणाला तरी मोजता यावे. यादीत हीच गरज पहिली आली. परदेशी पाहुण्यांनी लिहिलेल्या मसुद्यात ती कधीच आली नसती, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्ही चार भिंतींत बसून लिहिलेल्या मसुद्यातही आली नसती.

चौथ्या वर्षाचा तक्ता आम्ही प्रस्तावाच्या आधी पूर्ण केला. चारपैकी दोन संस्थाचालक मंडळांनी ठराव केला आहे की प्रकल्प संपल्यानंतर तीन वर्षे एका प्रयोगशाळा सहाय्यकाचे वेतन संस्था स्वतःच्या निधीतून देईल. इतर दोन ठिकाणी चर्चा चालू आहे आणि ती कठीण आहे, कारण लहान संस्थांकडे खरोखरच पैसा नसतो. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. तेथे आम्ही सुचवले आहे की चारही महाविद्यालयांसाठी मिळून एकच सहाय्यक असावा आणि त्याने आठवड्यातील दिवस वाटून घ्यावेत. प्रशिक्षणाचे साहित्य मराठीत असेल, ही अट आम्ही भागीदारांना कळवली आणि त्यांनी भाषांतराचा खर्च वेगळा दाखवण्यास आनंदाने होकार दिला.

जे पहिल्यांदाच अर्ज करणार आहेत त्यांच्यासाठी वेळेविषयी थोडे व्यावहारिक सांगणे आहे. या योजनेची मुदत साधारणपणे फेब्रुवारीत असते, म्हणजे नेमकी आपल्या प्रात्यक्षिक परीक्षांच्या धामधुमीत. अर्जाचे पोर्टल ब्रसेल्सच्या घड्याळाने सायंकाळी पाच वाजता बंद होते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. संस्थेचा नऊ अंकी पीआयसी क्रमांक, म्हणजे अर्जदार संस्थेचा ओळख क्रमांक, दिवाळीपूर्वी काढून ठेवावा, कारण त्यासाठी लागणारी कागदपत्रे संस्थेच्या कार्यालयात वेगवेगळ्या फायलींत असतात आणि नोंदणीपत्रावरचे नाव व लेटरहेडवरचे नाव अनेकदा जुळत नाही. आमचे जुळत नव्हते.

निळी पेटी पुन्हा चालू झाली आहे. नव्या इलेक्ट्रोडसाठी प्रकल्पाची वाट न पाहता विभागाच्या प्रयोगशाळा शुल्कातून पैसे काढले, आणि तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना उपकरण साफ करून द्रावणात ठेवण्याचे काम शिकवले. त्यांनी ते द्वितीय वर्षाच्या दोघींना शिकवायचे, असा करार आहे. गेल्या महिन्यात त्या चौघी भाऊंबरोबर होडीतून सातही ठिकाणी जाऊन आल्या. मुखापाशी लाट होती म्हणून पहिली नोंद दोनदा घ्यावी लागली. नव्या नोंदवहीत त्यांनी तारखेच्या शेजारी तिथीचा रकाना आखला आहे, आणि पहिल्या पानावर पहिली नोंद अष्टमीची आहे.